नाट्याचार्य देवल : नाटके वाचणारा नाटककार

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगू लागले की विष्णुदास भावे, अण्णासाहेब किर्लोस्कर, खाडिलकर, गडकरी ही नावे ओघानेच येतात. या मालिकेत गोविंद बल्लाळ देवल यांचे नावही आदराने घेतले जाते. परंतु त्या आदराला बहुधा एक पुस्ती जोडलेली असते. देवलांच्या प्रसिद्ध सात नाटकांपैकी सहा नाटकांची कथानके परक्यांची आणि स्वतःचे असे नाटक केवळ एक, अशी ती पुस्ती. तिच्यात असत्य काही नाही. तथापि ती ऐकणाऱ्याच्या मनावर असा ठसा उमटतो की, देवल हे एक कुशल भाषांतरकार होते आणि एकदाच केव्हातरी त्यांच्या हातून स्वतंत्र कृती घडून गेली. आम्हांस हा हिशेब न्यायाचा वाटत नाही. जुनी नाटके कशी वाचावीत, त्यांतील माणसे अशी का वागतात आणि एका घटनेतून दुसरी कशी निपजते, याचा जो अभ्यास देवलांनी ऐन उमेदीच्या वर्षांत केला, त्याचे फळ म्हणजे 'शारदा', असे आमचे मत आहे. आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचे चरित्र सांगावयाचे ते याच दृष्टीने.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा. त्यांचे बालपण सांगलीनजीकच्या हरिपूर या गावी गेले. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील हे लहानसे गाव. आणि पलीकडे हाकेच्या अंतरावर सांगली, जेथे १८४३ साली भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणून मराठी नाटकाचा पाया घातला. पुढे शिक्षणानिमित्त देवल बेळगावास आले. तेथे शिक्षक असलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास त्यांस लाभला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. काही काळ त्यांनी स्वतःही बेळगावात शिक्षकाचे काम केले. शिकविण्याची ही आवड त्यांना अखेरपर्यंत सोडून गेली नाही. शाळेतील मुलांच्या जागी नाटकमंडळीतील नट आले एवढेच.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेबांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. किर्लोस्कर मंडळीच्या त्या प्रारंभीच्या वर्षांत देवल गुरूंच्या निकट होते. 'शाकुंतल' बसविले जात असता तालमीत कान देऊन बसणाऱ्या बुद्धिमान तरुणाच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहणार नाही. कालिदासाने साऱ्या नाटकाचा भार एका अंगठीवर तोलून धरला आहे. ती बोटात असते तोवर शकुंतला राणी. ती पाण्यात पडली की शकुंतला अनोळखी स्त्री. दुष्यंत तोच, शकुंतला तीच, प्रेमही तेच. परंतु पुरावा हरवला आणि माणसाची ओळख पुसली गेली. नाटकात एखादी लहानशी वस्तू हातोहात फिरते आणि तिच्यामागोमाग माणसांची दैवे फिरतात, हा धडा देवलांस गुरुगृहीच मिळाला असावा. पुढे त्यांनी जी परकी नाटके निवडली ती पाहता आमचे हे अनुमान अगदीच निराधार वाटणार नाही.

२ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब निवर्तले. त्यांचे 'रामराज्यवियोग' अपुरेच राहिले. गुरूंच्या पश्चात अवघ्या वर्षभरात, १८८६ साली, देवलांचे 'दुर्गा' हे पहिले नाटक आले. त्याचा मूळ आधार थॉमस सदर्न या इंग्रज नाटककाराची शोकांतिका. पती मरण पावला अशा समजुतीने, दारिद्र्याने आणि सासऱ्याच्या निष्ठुरपणाने गांजलेली एक स्त्री दुसरा विवाह करते, आणि त्यानंतर पहिला पती जिवंत परत येतो, असे ते कथानक. इंग्लंडातील प्रेक्षकास ही एका दुर्दैवी स्त्रीची कहाणी वाटली असेल. १८८६ च्या महाराष्ट्रात मात्र तिचा अर्थ निराळा होता. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, परंतु पुनर्विवाह करणाऱ्या विधवेस समाज घराबाहेर काढी. ज्या समाजात दुसरा विवाह हेच पाप, तेथे त्या स्त्रीचा प्रत्येक निर्णय शतपटीने अवघड होणार. तेव्हा परके नाटक आपल्या भूमीत आणताना शब्दांपाठोपाठ त्या शब्दांमागील भीतीही बदलते. पात्र कोणत्या घरात राहते, त्या घरात कशाची लाज वाटते आणि कशाची वाटत नाही, हे आधी ठरवावे लागते. देवलांच्या नाट्यवाचनाचे मर्म आम्हांस येथे दिसते.

याच दशकात त्यांनी शूद्रकाचे 'मृच्छकटिक' मराठीत आणले. मूळ संस्कृत प्रकरण दहा अंकांचे, माणसांनी गजबजलेले. निर्धन झालेला चारुदत्त, त्याच्यावर अनुरक्त झालेली गणिका वसंतसेना, तिच्या मागे लागलेला मूर्ख आणि दुष्ट शकार, मित्रासाठी जीव टाकणारा मैत्रेय, प्रेमासाठी चोरी करणारा शर्विलक, असा हा उज्जयिनीचा सारा बाजारच. परंतु या गर्दीतून एक सूत अखंड धावते, आणि ते म्हणजे वसंतसेनेचे अलंकार. ती ते चारुदत्ताकडे ठेवते, शर्विलक ते चोरतो, ते तिच्याकडेच परत येतात. मग चारुदत्ताचे बाळ मातीच्या गाडीऐवजी सोन्याच्या गाडीसाठी रडू लागते तेव्हा ती तेच अंगावरचे अलंकार त्याच्या गाडीत ठेवते. ज्या क्षणी नाटकातील सर्वांत मोठे वात्सल्य प्रकटते, त्याच क्षणी फाशीचा दोर वळला जातो; कारण न्यायालयात तेच अलंकार मैत्रेयाजवळून खाली पडतात आणि चारुदत्त खुनी ठरतो. न्यायाधीश दुष्ट नाही, पुरावा खोटा नाही, तरीही निकाल अन्यायाचा. वस्तू खरे बोलते. पण ती अर्धेच बोलते.

कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीया'चे रूपांतर करताना देवलांस याच धर्तीची योजना पुन्हा भेटली. उर्वशीने भूर्जपत्रावर लिहिलेला प्रेमलेख राणीच्या हाती पडतो आणि पुरूरव्याचे गुपित उघडे होते. पुढे एका मण्याच्या स्पर्शाने हरवलेली उर्वशी पुन्हा प्राप्त होते. बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून त्यांनी 'शापसंभ्रम' रचले तेही याच सुमारास, १८९३ साली. नाटकाकडून कादंबरीकडे वळूनही देवलांचे लक्ष होते ते माणसाला माणसाची ओळख न पटण्याच्या वेदनेवरच.

आता त्यांच्या दोन कृती शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत, कारण त्यांत देवलांचे नाट्यज्ञान सर्वांत स्पष्ट दिसते. १८९० साली 'झुंझारराव' आले आणि १८९३ साली 'फाल्गुनराव'. पहिले शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे रूपांतर. ऑथेल्लो मराठीस नवा नव्हता. १८६७ सालीच महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी मूळ नाव तसेच ठेवून त्याचे भाषांतर केले होते. देवलांनी मात्र त्याला झुंझारराव केले. डेस्डिमोना कमळजा झाली आणि इयागो जाधवराव झाला. ही नावे उच्चारताच मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे सरदारांची दुनिया उभी राहते. बढती हुकल्याचा सल, दुसऱ्यास मिळालेल्या मानाचा मत्सर, शब्दासाठी तलवार उपसणारा योद्धा आणि घरात मात्र भोळा असलेला नवरा, हे सारे तिला ओळखीचे होते. व्हेनिसचे लोक समजावून सांगण्याची गरज उरली नाही. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी झुंझाररावाची भूमिका गाजविली आणि इंग्रजीचा गंध नसलेले प्रेक्षकही त्या शोकांतिकेने हेलावून गेले.

दुसरे नाटक आर्थर मर्फी या नाटककाराच्या १७६१ च्या इंग्रजी प्रहसनावरून घेतलेले. आणि त्या प्रहसनाची मुळेही मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या १६६० मधील एका नाटकापर्यंत पोचतात. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमके तेवढेच त्याची पत्नी कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर तेथे पडते आणि ती कृत्तिकेच्या हाती लागते; ती तसबीर न्याहाळताना फाल्गुनराव तिला पाहतो. आपण प्रेमाने दिलेली तसबीर परक्या माणसापाशी आहे हे उमगताच अश्विनशेठही बिथरतो. पात्रांस देवलांनी पंचांगातील महिन्यांची व नक्षत्रांची नावे दिली. एकाच आकाशात राहून एकमेकांच्या मार्गात येणाऱ्या या मंडळींना ती फार शोभून दिसतात. शिवाय मूळ इंग्रजी नाटकातील नायिका कुलीन तरुणी आहे. प्रियकराची तसबीर जवळ बाळगणारी, एकटी हिंडणारी अविवाहित कुलीन तरुणी त्या काळच्या मराठी प्रेक्षकास खरी वाटली नसती. म्हणून देवलांनी रेवतीस नायकिणीच्या घरात जन्मास घातले आणि तिचे मन मात्र निर्मळ ठेवले. त्यामुळे अश्विनशेठच्या संशयास नवी धार आली. अशा घरातल्या मुलीवर विश्वास ठेवावा की नाही, हा समाजाचाच प्रश्न त्याच्या तोंडून बोलू लागला.

ऑथेल्लोच्या कथेत एक रुमाल, येथे एक तसबीर. तेथे पतीचा पत्नीवर संशय, येथेही तोच. मग एकीकडे खून का आणि दुसरीकडे हशा का? नाटके समजून घेणाऱ्याने हा प्रश्न स्वतःस अवश्य विचारावा. आमच्या समजुतीप्रमाणे उत्तर असे की, ऑथेल्लोच्या कानाशी एक माणूस सतत बसलेला आहे आणि तो रुमालास आपल्या सोयीचे बोलावयास लावतो. ऑथेल्लो पत्नीवर आरोप करतो, परंतु रुमालाचा प्रवास कसा घडला हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना एकत्र बसवून विचारीत नाही. आणि ते उघडकीस येते तेव्हा डेस्डिमोना या जगात नसते. फाल्गुनरावाच्या कथेत कोणी खलपुरुष नाही. प्रत्येकाने अर्धे पाहिले आहे आणि उरलेले अर्धे मनाने रचले आहे. अखेरीस सर्वजण समोरासमोर येतात, ज्याने त्याने पाहिलेले अर्धे पुढे ठेवतो, आणि गाठ सुटते. शोकांतिका आणि प्रहसन यांत कथानकाचे अंतर कधीकधी एवढेच असते की बोलावयास वेळ मिळाला किंवा मिळाला नाही. तीन वर्षांच्या अंतराने एकाच बीजाची ही दोन झाडे देवलांनी लावली, याचा अर्थ त्यांनी ती नुसती उचलली नव्हती. ती आतून जाणली होती.

असा पूर्वाभ्यास करून हा नाटककार 'शारदे'कडे आला. १३ जानेवारी १८९९ रोजी किर्लोस्कर मंडळीने 'संगीत शारदा' प्रथम रंगभूमीवर आणले ते इंदूर येथे. ज्या नाटकाने मराठी समाजास आरसा दाखविला त्याचा पडदा महाराष्ट्राबाहेर, होळकरांच्या नगरीत प्रथम वर गेला, याचा अभिमान आमच्यासारख्या दूरस्थ मराठी जनांस वाटला तर तो क्षम्य ठरावा.

कांचनभट हा लोभी बाप आपली कोवळी मुलगी शारदा पैशाच्या मोहाने भुजंगनाथ नामक श्रीमंत वृद्धास देऊ करतो. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो. आई इंदिराकाकू असहाय आहे. कोदंड हा तरुण हा अधर्म थांबविण्यासाठी धडपडतो. बाला-जरठ विवाह हा त्या काळी रोजचा प्रकार होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यामुंबईत जे वादळ उठले ते शमून काही वर्षेच लोटली होती. व्याख्याने झाली, अग्रलेख झाले, शास्त्रार्थ झाले. तरी मुली बोहल्यावर चढतच होत्या.

येथे देवलांच्या पूर्वीच्या नाटकांशी तुलना केली म्हणजे 'शारदे'चे वेगळेपण ध्यानात येते. या नाटकात अंगठी नाही, अलंकार नाहीत, तसबीर नाही. कोणाचाही गैरसमज झालेला नाही. शारदेचे वय सर्वांना दिसते, भुजंगनाथाचे पिकलेले वय सर्वांना दिसते, पैसा कोणाकडून कोणाकडे जातो हेही कोणापासून फारसे लपलेले नाही. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी वस्तू शोधू गेलो तर ती वस्तू म्हणजे शारदाच आहे. आजवरच्या नाटकांत वस्तूमुळे माणसे दुरावत होती. या नाटकात माणसाचीच वस्तू झाली. देवलांनी हे कोठेही उच्चरवाने सांगितले नाही. त्यांनी शारदेला घरगुती मुलींची साधी बोली दिली, बायकांच्या गाण्यांच्या वळणाची सोपी पदे दिली; आणि बाजारात मांडलेली ही वस्तू बोलते आहे, घाबरते आहे, हे प्रेक्षकास ऐकावयास लावले.

नाटकाच्या शेवटाविषयी पुष्कळांनी नापसंती दर्शविली आहे. विवाह ऐन वेळी मोडतो तो वधू आणि वर सगोत्र असल्याचे उघडकीस आल्यामुळे. मग ही अर्धवट लग्नाची मुलगी कोणीही स्वीकारणार नाही म्हणून शारदा जीव देऊ पाहते, कोदंड तिला वाचवितो आणि शंकराचार्यांच्या निर्णयाने त्यांच्या विवाहाचा मार्ग मोकळा होतो. गोत्राची ही युक्ती म्हणजे नाटककाराची पळवाट, असा आक्षेप घेतला जातो. आम्ही त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. जी मंडळी नातीच्या वयाच्या मुलीस म्हाताऱ्याशेजारी बसलेली पाहून जागची हलली नाहीत, तीच मंडळी गोत्र एक निघताच दचकतात. मुलीच्या अश्रूंनी जे थांबले नाही ते शास्त्राच्या एका नियमाने थांबते. यापेक्षा कठोर टीका कोणती असू शकेल? सुटका झाल्यावर प्रेक्षकास हायसे वाटते; पण घरी जाताना, गोत्र वेगळे असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्याच्या सोबत जातो. पात्र कोणत्या घरात राहते आणि तेथे कशाची लाज वाटते, हे ओळखण्याची जी शक्ती देवलांनी परक्या नाटकांवर कमावली, ती येथे स्वतःच्या समाजावर वापरलेली दिसते.

पुढे १९२९ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला. मुलीचे विवाहाचे वय किमान चौदा आणि मुलाचे अठरा असे त्यात ठरले. तो पुरस्कारणारे हरबिलास सारडा यांच्या नावावरून त्यास सारडा कायदा म्हणत. मराठी लोकांच्या तोंडी मात्र तो शारदा कायदा झाला. दोन्ही नावांचा मेळ हा योगायोग. परंतु तो योगायोग मराठी मनास इतका स्वाभाविक वाटावा, यातच त्या नाटकाची सत्ता दिसून येते. त्या कायद्याची जागा आता २००६ च्या कायद्याने घेतली आहे. तरीही बालविवाहाच्या वार्ता अधूनमधून कानांवर येतातच; त्या येणे थांबेल तेव्हाच 'शारदा' केवळ इतिहासाची वस्तू होईल.

देवलांच्या उत्तरायुष्याविषयी सांगावयाचे ते मुख्यतः शिक्षक म्हणून. नटांस ते मास्तर होते. संवाद म्हणजे सुरात म्हणावयाचे पाठांतर नसून एका माणसाने दुसऱ्याशी केलेले बोलणे होय, या जाणिवेने ते भूमिका शिकवीत. बालगंधर्वांनी १९०५ च्या सुमारास किर्लोस्कर मंडळीत पदार्पण केले तेव्हा अभिनयाचे पाठ त्यांना देवलांकडून मिळाले. गणपतराव बोडस हे तर स्वतःस त्यांचे शिष्यच मानीत आणि 'माझी भूमिका' या आत्मचरित्रात त्यांनी गुरूंच्या शिकवणीचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आहे.

१९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. तिच्यासाठी देवलांनी आपले जुने गद्य 'फाल्गुनराव' पुन्हा हाती घेतले आणि त्यात पदे घालून 'संगीत संशयकल्लोळ' सिद्ध केले. सुमारे तेवीस वर्षांपूर्वीच्या लेखनाकडे परत वळण्याची ही चिकाटी विशेषच म्हटली पाहिजे. परंतु त्याचा प्रयोग पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १४ जून १९१६ रोजी देवल कालवश झाले आणि २० ऑक्टोबर १९१६ रोजी 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आले. बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांनी प्रेक्षकांस हसवून सोडले, तेव्हा ते हसू ज्यांनी बांधून ठेवले होते ते मास्तर मात्र तेथे नव्हते.

गेल्या पन्नास वर्षांत आमच्यासारख्या अनेक मंडळांच्या रंगमंचांवर जुनी नाटके उभी राहिली. परप्रांतात वाढलेली तरुण मंडळी तालमीस येतात आणि प्रामाणिकपणे विचारतात, ही माणसे अशी का वागतात, सरळ बोलून मोकळी का होत नाहीत? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे; देवलांचाही आरंभ त्याच प्रश्नापासून झाला असला पाहिजे. त्याचे उत्तर शोधण्याची त्यांची रीत आपणांसही उपयोगी पडेल. पात्राचे घर आधी पाहावे. तेथील अब्रू कशात आहे ते ओळखावे. कोणास काय दिसले आणि काय दिसले नाही याची नोंद ठेवावी. आणि कोणती वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, तिच्यावर नजर ठेवावी. एवढे केले तर इंग्लंडची, उज्जयिनीची वा शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्याची माणसे आपल्या ओळखीची होतात. एका मातीतले रोप दुसऱ्या मातीत जगवावयाचे तर मुळांची काळजी कशी घ्यावी, हे देवलांनी सात नाटकांतून दाखवून दिले. महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या आम्हा मंडळींस या विद्येचे मोल वेगळे सांगावयास नकोच. त्या थोर गुरूच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.